आडवे सात

वादी कबीरच्या या घरात टेबल मावतं अडीच फुटांचं.
खाली दोन कॉम्प्युटर:
एक कंपनीचा, सीलबंद, त्यात आपलं काहीही घालायला मनाई;
एक माझा, आठ वर्षांचा, पंखा फिरू लागला की धाप लागणारा.
वर जागा एकाच स्क्रीनला, एकाच कीबोर्डला.
महिनाभर मी केबल काढत होते, केबल लावत होते,
गुडघ्यांवर बसून, टेबलाच्या कडेला डोकं आपटत.
"अगं, याला स्विच मिळतो," श्रीकर म्हणाला,
मी पाचव्यांदा ओरडल्यावर.

रुवीत शमसुद्दीननं काउंटरवर डब्या मांडल्या.
चार रियालची: हिच्यात अदलाबदल केली की
स्क्रीन स्वतःचं माप विसरतो,
उघड्या खिडक्या डाव्या कोपऱ्यात गोळा,
धनगर नसलेल्या मेंढ्या.
साडेनऊची: माप लक्षात ठेवते,
पण स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं.
माझ्या कीबोर्डला स्क्रोल लॉकच नाही.
मग ही, बाराची: लांब वायरीला लोंबणारं एक बटण,
काही इन्स्टॉल करायला नको, कंपनीला कळायलाही नको.
"चार कॉम्प्युटरवाला घ्या मॅडम, पुढे लागेल."
पुढे.
माझ्या व्हिसाचं पुढे दोन वर्षांत संपतं. त्याचंही.
तो हसला
आणि चारवाली डबी आपणहून मागे सरकवली.

बटण टेबलाच्या पोटाशी चिकटवलं.
निळा दिवा म्हणजे सोहारचं बंदर:
कंटेनरचे नंबर, वजनं, माल कुणाच्या नावे.
हिरवा म्हणजे मंडळाच्या अंकासाठी
दर महिन्याचं शब्दकोडं.
मधे दोन सेकंद काळोख.
शमसुद्दीननं सांगितलं होतं, तेवढं थांबायचं.
मी कधी कुठे थांबलेय?

मंगळवारी रात्री आडव्या सातला अडले होते.
दोन घरचा ______ उपाशी. अक्षरे तीन.
फारच सोपं, मुलंसुद्धा सोडवतील, म्हणून खोडलं,
मग वाटलं, असू दे, मुलांसाठीच असू दे,
बटण दाबलं, की दाबलं नाही,
की आधीच दाबलेलं होतं,
आणि बोटांनी पाहुणा लिहिला.

बुधवारी साडेसातला बदरियाचा फोन.
बदरिया बलुशी, आमची सुपरवायझर,
चूक सापडली की आवाज आणखी मऊ होतो तिचा.
"चाळीस फुटी, थंड, आत डाळिंबं.
माल घेणारा कोण? ह्यूग्से? तुर्की पार्टी आहे का?"
एच, ई, यू, जी, सी, ई.
मी कीबोर्डकडे पाहिलं.
एचवर माझं चिकटवलेलं प, ईवर काना,
यूवर ह, जीवर उकार, सीच्या डोक्यावर ण,
आणि पुन्हा काना.
बंदरातल्या कागदावर रात्रभर
पाहुणा उभा होता, इंग्रजी कपड्यांत,
सव्वीस टन डाळिंबांचा मालक.

खोटं बोलता आलं असतं.
पण मी तिला सगळं सांगितलं: स्विच, बटण, शब्दकोडं,
ती म्हण, दोन घरं, उपाशी माणूस.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, नाव दुरुस्त कर, दहाच्या आत.
आणि फोन ठेवला.

दहाला दहा कमी असताना दुरुस्त केलं.
अकराला तिचा एक निरोप आला,
नुसती तीन अक्षरं: क्यू, डी, टी.
वाटलं, घाईत दबलं असेल काहीतरी.
मग परत कीबोर्ड पाहिला.
क्यूच्या कोपऱ्यात, डीच्या कोपऱ्यात, टीच्या कोपऱ्यात
ती बारीक पांढरी अक्षरं,
पाच वर्षं रोज बोटांखाली होती,
वाचली कधीच नव्हती.
खालच्या मजल्यावरच्या हैथमला दाखवली.
"दैफ," तो म्हणाला. नऊ वर्षांचा. "दैफ, खाला.
घरी येतो ना, तो."

हिरव्या दिव्याशी येऊन
आडवे सात तसंच ठेवलं.
उभे सात अजून रिकामं आहे.