एकतिसावा चौकोन

सेकोन्डीच्या बाजारात मला सगळे हातानं ओळखतात,
तोंडाकडे कुणी बघत नाही.
रोज सकाळी मी हात पुढे करतो
आणि त्यावर ओल्या, माशाच्या वासाच्या नोटा पडतात:
अराबा बैदूचे पाच सेडी,
टोमॅटोवाल्या एस्सीचे दोन,
सुया-बटणं विकणाऱ्या म्हाताऱ्या एन्सनचा
कधी एक, कधी नुसतं "उद्या दुप्पट घे".
मी त्यांच्या पिवळ्या कार्डावर फुली मारतो.
एका कार्डावर एकतीस चौकोन.
तीस त्यांचे. एक माझा,
तीच माझी मजुरी.

कशासाठी साठवता, मी विचारत नाही.
तरी त्या सांगतात.
जुलैत होड्या वाळूवर ओढून ठेवायचा हुकूम निघतो,
महिनाभर समुद्र समोर असतो आणि मासा नसतो,
त्यासाठी.
छपराच्या पत्र्यासाठी.
सासूच्या अंत्यविधीसाठी, जी अजून ठणठणीत आहे
आणि दोन्ही वेळा पोटभर जेवते.

अराबाला मी एकदा म्हणालो,
पोरांनी काल रात्री नुसतं खोबरं चावलं म्हणतेस,
मग आजचे पाच राहू देत.
ती म्हणाली, "भूक रोजची आहे, एबो.
रोजच्याला मी ओळखते.
हे पैसे त्याच्यासाठी,
ज्याचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही."

मला पटलं नव्हतं.
पोटाला चिमटा काढून
न आलेल्या दिवसाला जेवू घालायचं?
माझ्या नावाचं कार्डच नव्हतं.
अख्ख्या बाजाराची अडीनडी खांद्यावर टाकून हिंडायचो,
खिशात मात्र बसभाड्यापुरतं.

मग एका शनिवारी रात्री
माझ्या कोबिनाचा श्वास
गंजलेल्या बिजागरीसारखा वाजू लागला.
टॅक्सीवाल्यानं आधी भाडं मागितलं.
दवाखान्यात खिडकीमागच्या बाईनं आधी अनामत.
पिशवी माझ्या मांडीवर होती.
आत आठशे चाळीस सेडी.
त्यातले माझे किती? मी हिशेब केला,
पोराचे ओठ निळे पडत असताना, खरंच केला:
सत्तावीस.

मी चेन उघडली.

सोमवारी एकेकीपुढे जाऊन उभा राहिलो,
हात मागे बांधून.
एस्सीनं विचारलं, पोर कसं आहे?
एन्सननं कार्ड हिसकावून घेतलं,
ते आजवर परत दिलेलं नाही.
अराबा गप्प. जाळीवरचे मासे उलटत राहिली,
डोळे लाल, धुरानं की कशानं कळेना.
शेवटी म्हणाली,
"माझ्या संकटाचे पैसे तू तुझ्या संकटाला दिलेस.
आता ते माझ्या दारी आलं तर काय सांगू त्याला?
शेजारी जाऊन ये, म्हणू?"

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचत नाही.

अकरा महिने फेडत होतो.
कोबिना आता शाळेच्या फुटबॉल संघात आहे,
गोलकीपर, फार पळावं लागत नाही म्हणून.
अराबा अजून पाच देते,
पण आधी पिशवी उघडून दाखवायला लावते.
मी दाखवतो.

पिशवीच्या तळाशी आता एक कार्ड जास्त आहे:
एबो क्वान्सा, रोज एक सेडी.
बाजार उठल्यावर, टपऱ्यांवर दिवे लागल्यावर
माझी नोट मीच माझ्या हातावर ठेवतो.
डाव्या हातानं देऊ नये म्हणतात आमच्यात,
पण इथं दुसरा इलाज नाही.
फुली मारतो.
काही दिवशी तोही सेडी जड जातो,
मुलगा नव्या बुटांकडे बघत असतो.

महिनाअखेर एकतिसाव्या चौकोनापाशी पेन थांबतं.
हा कुणाचा,
घेणाऱ्याचा की देणाऱ्याचा?
तो मी कोराच ठेवतो.
उद्यापासून जुलै.
किनाऱ्यावर होड्या ओढल्याचा आवाज येतोय.