सोडलेला डाव

बस इथं, टोबिन. टोपी काढ आधी.
खाणीतल्या डंपरवर बारा तासांची पाळी करून आलास,
नखांत अजून राखाडी धूळ आहे
आणि खिशात पगाराचा अख्खा लिफाफा.
तो गाडीत ठेवून ये. त्यातले शंभर आण.
शंभरच.
भाड्याच्या पैशांनी खेळणाऱ्याचा हात थरथरतो,
आणि या टेबलावर पत्ते कुणी बघत नाही रे,
हात बघतात.

मी माइते. एल्कोत एकतीस वर्षं पत्ते वाटले,
रुळांपलीकडच्या त्या हॉटेलात,
जिथं बास्क मेंढपाळ हिवाळ्यात उतरायचे
आणि डोंगरातली सहा महिन्यांची कमाई
बर्फ वितळायच्या आत वितळवून जायचे.

दोन पानं येतील. कोपरा उचलून बघ, एकदाच.
सत्ती आणि दुर्री? सोड.
राजा आणि चव्वी? हेही सोड. राजा दिसला म्हणून भुलू नकोस,
एकट्या राजाला कोण विचारतं?
दहातले सात डाव सोडायचे, आठ सोडलेस तरी चालेल.
कंटाळा येईल.
येऊ दे, त्याचे पैसे पडत नाहीत.

आणि सोडल्यावर फोन काढू नकोस, माणसं बघ.
तो ओडेल, दातांचा डॉक्टर.
पान जमलं की खुर्ची पुढे ओढतो, त्याला स्वतःला पत्ता नाही.
रेनी सॉल्ट लेकपर्यंत ट्रक नेते;
खोटं खेळताना पाणी पिते, घोट घोट.
कोपऱ्यातला म्हातारा काहीही धरून शेवटपर्यंत येतो.
त्याच्यापुढे ब्लफ मारू नकोस.
ज्याला भीती माहीत नाही त्याला काय दाखवणार तू?

शेवटी बोलायची पाळी आली तर ती सोनं समज.
माझा बाप मेंढ्यांच्या लिलावात
सगळे ओरडून दमेपर्यंत टोपीशी खेळत बसायचा.

अठ्ठी, दश्शी, गुलाम, राणी, मध्ये फक्त नव्वी हवी,
असं होईल तुझं, रोज होईल.
न दिसलेली पानं सेहेचाळीस, त्यांत नव्व्या चार.
साठ डॉलरच्या ढिगासाठी तीस मागत असतील
तर त्या नव्वीला तिच्या घरी सुखानं राहू दे.
"पण आधीच चाळीस घातलेत!"
बेन्यात हेच म्हणायचा. माझा नवरा.
आधी पिकअप गेली, मग दोनशे मेंढ्यांचा चारा.
टेबलाच्या मधोमध गेलेले पैसे तुझे नसतात, टोबिन,
ते फक्त ओळखीचे दिसतात.

हं. आता खेळ. मी बोलत नाही.

…

दोन राण्या होत्या तुझ्याकडे, कळलं मला.
मानेवर लाली चढली होती.
मग टेबलावर एक्का पडला, त्यावर राजा,
आणि ओडेलची खुर्ची करकरली,
आणि तू राण्या पालथ्या सरकवल्यास पुढे,
जड भांडं सरकवावं तशा.
शाब्बास.

नाही. त्याच्याकडे काय होतं ते विचारायचं नाही.
तो दाखवणार नाही, आणि का दाखवावं?
पैसे मोजले असतेस तर बघायला मिळालं असतं.
सोडायचं म्हणजे हेही सोडायचं.

चौऱ्याहत्तर साली एक जण स्टेशनवर उभा होता,
बॉयसीची दोन तिकिटं घेऊन. इन्याकी नाव.
मी खिडकीतून त्याची टोपी बघितली,
आणि इस्त्री करत राहिले.
चांगलंच केलं असेन. हिशेब तेच सांगत होता.
तरी अजून, पहाटे तीनच्या मालगाडीला,
हात उशीखाली जातो,
ते पान उलटायला.

डोळे काय वटारतोस? चल,
ब्लाइंड तुझा आहे आता.
दोन डॉलर पुढे सरकव.
हो, पत्ते बघायच्या आधीच.