दोन रिंगा

आमच्या गावाचं नाव होंडा.
गॅरेजात येतात मारुती, टाटा, म्हाताऱ्या जीपा.
होंडा वर्षातून एखादी, तीही वाट चुकलेली.
हा विनोद मी बिल देण्याआधी सांगतो.
आज सांगितला नाही.

एस्पेरांस सिस्टरची वॅगन-आर
पिकअपच्या मागे दोराला बांधून आली.
सकाळीच माझ्या दारातून नवं तेल पिऊन गेलेली.
केरीच्या अलीकडे लाल झारी पेटली
आणि बाईने त्याच श्वासाला चावी फिरवली.
“ओठ निळे दिसले की मी विचारत बसत नाही,” म्हणाली.
म्हणून इंजिन वाचलं.
माझ्यामुळे नव्हे.

सावळू कोपऱ्यात,
मोबाईल पालथा घालून उभा.

पुठ्ठा अंथरला, पाठ टेकली.
खालून बघितली की कुठलीही गाडी गरीबच दिसते.
एक थेंब भुवईवर पडला, अजून कोमट.
बोल्ट बघितला: घट्ट. वॉशर नवा.
मग फिल्टरला हात घातला,
आणि तो सुटला, सुटू नये इतक्या सहज.
वर, इंजिनाच्या तोंडाला,
जुनी रबरी रिंग तशीच चिकटलेली.
चपटी, काळीकुट्ट, भाजलेल्या आमसुलासारखी.
तिच्यावर नवी रिंग बसवली होती पोराने,
पाटावर पाट मांडावा तशी.
फटीतून तेल निघून गेलं, साखळीपासून केरीपर्यंत,
कुणाला हाक न मारता.

उरलेलं डब्यात घेतलं. उन्हात नेलं.
दोन बोटांत चोळून बघितलं.
चांदी नाही. कण नाही.
माझ्या छातीतलं काहीतरी न्यूट्रलला आलं.

मला ती चांदी ठाऊक आहे.
खाणी चालू होत्या तेव्हा, पिसुर्ल्याच्या चढावर,
एका टिपरचा बोल्ट मी नुसता बोटांनी लावला
आणि तेवढ्यात चहा आला.
पाना तसाच राहिला, चहा संपला, टिपर गेला.
संध्याकाळी इंजिन जॅम.
बेअरिंगची सोललेली वाटी अजून माझ्या गल्ल्यात आहे,
सुट्या नाण्यांखाली.
आज ती काढावी, पोरासमोर ठेवावी,
असं वाटलं. हात गल्ल्यापर्यंत गेलाही.
पन्नासची नोट घेऊन परत आला.

“हे घे. करवतीवाल्याकडून भुसा आण, दोन गोणी.
स्कूटर काढ. वळणावळणावर टाक.
खाणीची तांबडी माती मिळाली तर तीही.
दुपारी शाळा सुटेल. पोरं दुचाकीवर असतात.”
तो गेला. मोबाईल बाकावर राहिला.

मग जुन्या लुंगीच्या फडक्याने जागा पुसली,
नखाने कडा चाचपली, पुन्हा पुसली.
नव्या फिल्टरच्या नव्या रिंगेला
ताज्या तेलाचं बोट लावलं, 
हाताने फिरवत नेला, टेकला तिथून पाऊण फेरा.
पाना नको. पान्याला राग असतो.
तीन लिटरला थोडं कमी.
चावी. झारी पेटली. एक, दोन,
विझली.
पाच मिनिटं गाडीखाली बघत बसलो,
नुसता बघत, कोरड्या सिमेंटकडे.
पट्टी ओढली, पुसली, घातली, ओढली.
दोन खुणांच्या मधोमध.

सिस्टरने पर्स उघडली. मी नको म्हटलं.
“निदान तेलाचे घे,” म्हणाली,
“माझ्याही पहिल्या वर्षी एक सुई…”
पुढचं बोलली नाही. मीही विचारलं नाही.
गाडी गेली तेव्हा मी रस्ता बघितला, गाडी नाही.

सावळू उशिरा आला,
गुडघ्यापर्यंत तांबडा, केसांत भुसा.
केरीपर्यंत टाकला, म्हणाला, पुढेही दोन वळणं.
नळावर हात धुतले. साबण दोनदा घेतला.
मग फडकं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता:

“मेस्त, तुमचा बोल्ट कितीचा होता?”

म्हणजे अख्ख्या गावाला माहीत आहे.
म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातात गाड्या देताना
सगळ्यांना माहीतच होतं.

“चोवीसचा,” मी म्हटलं.
“लाईट बंद कर.”