दारं मोजताना

लाकडी चौकट आहे माझ्याकडे, मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
ती चिखलावर टाकायची,
आत किती भोकं ते वहीत लिहायचं.
कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, माल्गेपोच्या खाजणात,
ओहोटीचे पाच तास हेच काम.
बांधापासून पन्नास पावलांवर: तीन.
दीडशेवर: अकरा.
नाळेच्या कडेला, जिथं गाळ लोण्यासारखा:
एक्केचाळीस, बेचाळीस,
आणि माझाच पाय मांडीपर्यंत आत गेला,
आकडा तिथंच राहिला.

ओक-बुन आजी फळीवरून आली.
एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायानं चिखल मागे लोटत,
ऐंशीच्या पुढची बाई अशी घसरत येते
जणू समुद्र तिला विचारूनच मागे हटलाय.
काय करतोस?
खेकडे मोजतोय.
खेकडे कुठायत? तू दारं मोजतोयस.

मग तिनं बोटानं दाखवलं:
तोंडाशी मोहरीएवढ्या ओल्या गोळ्या, म्हणजे आत्ताच जेवून आत गेला.
कडा ढासळलेल्या, म्हणजे मेला, नाहीतर गाव सोडलं.
हा धुराड्यासारखा गाळ रचतो, ह्याला शेजार सोसत नाही.
आणि ही दोन भोकं,
ही एकाचीच.
घराला मागचं दार असलं म्हणून
माणसं दुप्पट होतात होय रे?

एका बिळात तिनं खांद्यापर्यंत हात घातला,
गाल चिखलाला टेकवून,
डोळे मिटून.
बराच वेळ.
हात रिकामाच आला. तिला हसू आवरेना.

दुपारी मी एका बिळात प्लास्टर ओतलं.
दुसऱ्या दिवशी खणून काढलं तर
पांढरा, कोपरात वाकलेला,
तळाशी मूठ मिटलेला हात.
आजीनं तो उलटसुलट पाहिला.
आत कुणी नव्हतं ना?
नव्हतं, म्हणालो.
मी बघितलं नव्हतं.

परतताना ती सांगत होती,
बांध घातला तेव्हा भरपाईची माणसं आली, यादी घेऊन.
दारं मोजली त्यांनीही. सव्वीस.
माणसं तेव्हाच किती उरली होती! आता तर नऊ.
माझं घर दोनदा धरलं, मागच्या दारामुळं.
मी कशाला बोलतेय?

भरती चढू लागली.
बिळाबिळातून एकेक नांगी वर आली,
मूठभर चिखल ओढून
आतून दार लावून गेली.
पाण्याखाली जाण्याआधी सगळं खाजण सपाट,
जणू इथं कधी कुणी राहतच नव्हतं.

रात्री बांधावर बसून वही पुरी करत होतो.
शेऱ्याचा रकाना कोराच होता.
समोर गाव.
सवयीनं दिवे मोजले.
माणसं नऊ, दिवे दहा.
पुन्हा मोजले.
आजी मागच्या दाराशीही
एक लावते.