माया सोडून

दोड्डमनींच्या ऑफिसात, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
टेबलाच्या काचेखाली एक जहाज आहे
आमच्या अख्ख्या गल्लीहून लांब.
त्याच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला
आणि विचारलं, किती रात्री?

दोन, तीन, की पाच.

गळ्यात टेप तशीच घेऊन आले होते, विसरून.
बावीस वर्षं शहापुरात बायकांची मापं घेते.
दंडाचा घेर, पाठीचा गळा, कुणाचा उजवा खांदा उतरलाय,
बाई दारातून आत येईपर्यंत कळतं मला.
पण रात्र कुठून कुठवर मोजायची?

प्रणोतीला पाच हव्यात.
मामंजींना एकसुद्धा नको.
चोर्ल्याच्या घाटात तिसऱ्या वळणाला
माझं जेवण बाहेर येतंय, ते म्हणाले,
आणि तिथं रस्ता तरी जागेवर असतोय.
धाकट्याचं एकच,
भोंगा कोण वाजवतं, आणि मला देतील काय.
हे उद्यमबागेत लेथवर असतात.
केसाएवढा फरक बोटाला लागतो ह्यांच्या,
पण दोन आणि तीनमध्ये अडकून बसले होते,
लाइट बिलाच्या पाठीमागं आकडे लिहालेत, खोडालेत.

दोड्डमनी हसून म्हणाले,
हासिगे इद्दष्टु कालु चाचु.
त्याच दमात मामंजी,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं,
एकाच पिशवीचे दोन बंद.
ह्या गावात पाट्यांवरून काय काय झालं,
म्हणीवरून अजून काही झालं नाही.

असं काय बघालीस, हे म्हणाले, बोल की.

मी बोलले.
सौंदत्तीला आपण राहिलो ती एक रात्र,
पाच जण एका खोलीत,
आणि पहाटे पहिली बस, कारण तुमची पाळी.
गोकाकचा धबधबा तर
डबा उघडून, डबा झाकून.
दोन रात्रींत काय व्हायचं?
पहिली उलट्यांची, परक्या उशीची,
बाथरूमचं दार आतून कसं लागतं ते शोधायची.
दुसरी बॅगा भरायची.
पुढचा भाग झाला, मागचा भाग झाला,
मधे अंग कुठं घालणार?

पाचाला कापड पुरत नाही.
भिशी मला एकदाच लागते.
आणि खरं सांगायचं तर
पाच रात्री आपण एकमेकांना पुरू का,
हेही मला ठाऊक नाही.
घरात आपण जिन्यावर भेटतो,
एक चढताना, एक उतरताना.

ऑफिसात थोडा वेळ फक्त पंखा.
धाकटा काचेवर बोट फिरवत
जहाजाच्या खिडक्या मोजत होता.

तीन, मी म्हटलं.

नवीन गिऱ्हाइकाचं कापड मी सगळं कापत नाही.
शिवणीच्या आत बोटभर माया सोडते,
बाहेरून दिसत नाही, बाईलाही सांगत नाही.
अंगाला आलं, आवडलं, बाई सुखानं सुटली,
तर टाके उसवून वाढवता येतं.
नाहीतर ती तशीच राहते आत,
कुणाला टोचत नाही.

दोड्डमनींनी पावती फाडली.
पाच नावं कन्नडात लिहिली, मग इंग्रजीत,
मामंजींच्या ओमाण्णाला एक म कमी पडला,
तो मामंजींनी उभं राहून घालून घेतला.

रात्री दुकानाच्या शटरसाठी पाटी केली.
मराठीत मी, खाली कन्नडात प्रणोती,
तिचं अक्षर माझ्याहून चांगलं.
तीन रात्री म्हणजे चार दिवस बंद.
मी म्हटलं, पाच लिही.
पाचवा कशाला?
दोड्डमनी सांगत होते, उतरल्यावर
दिवसभर जमीन हलत राहते.
तेवढं हलून घेऊ दे,
हलगेकरांचे ब्लाउज
सहाव्या दिवशी.