घडी

लँकेस्टरच्या बुलेव्हार्डवर एक जुनं थिएटर आहे.
ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी तिथे दरवर्षी तोच सिनेमा लागतो,
नवी विमानं पारखणाऱ्यांचा, आणि मग त्यांच्यातल्याच काहींना
डब्यात बसवून आभाळाबाहेर भिरकावण्याचा.
तीन तास. मध्यंतर नाही.
साठीपुढच्यांना तिकीट माफ, म्हणून गर्दी सगळी माफीतली:
काठ्या, ऑक्सिजनचं एक नळकांडं,
पॉपकॉर्नशी जपून वागणारे दात.

माझ्या शेजारी डेलबर्ट क्रेन, वय शहाऐंशी.
पलीकडच्या तळावर त्याने एकोणतीस वर्षं
पॅराशूटच्या घड्या घातल्या.
"सिनेमात मी नाही," तो दरवर्षी सांगतो,
"पण माझं काम दोनदा दिसतं. दुसऱ्यांदा नीट बघ."

पडदा उजळतो. वाळवंट, इथलंच,
मागच्या भिंतीपलीकडे आत्ता असलेलं.
जोशुआची झाडं हात वर करून उभी,
कुणी दरडावल्यासारखी.
मग तो आवाज, आधी छातीत, मग कानात,
आणि माफीतली मंडळी एकदम हसतात:
"खोटा! खरा दुहेरी असतो."

सिनेमा त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही, हे मला आवडतं.
माकड आधी जाऊन येतं.
उड्डाणाआधी एका वीराला उचकी लागते, थांबतच नाही.
आणि एक स्वयंपाकघर, जिथे दाराशी गाडी थांबल्यावर
एक बाई नळ बंद करायला विसरते.
नळ वाहतो. कॅमेरा नळावरच थांबतो.
एवढ्यासाठी मी दिग्दर्शकाच्या पाया पडेन.

माझे वडील ओझरला होते, विमानांच्या कारखान्यात.
रिव्हेट मारायचे.
पहिल्या उड्डाणाच्या दिवशी जेवायचे नाहीत.
उपास नव्हे. घास उतरत नाही, म्हणायचे.
शेडबाहेर उभे, मान वर,
चाकं टेकली की मग डबा उघडायचा,
गार पोळी, गार भाजी,
आणि चेहऱ्यावर लेकीचं लग्न पार पडल्यासारखं काहीतरी.
घरी आले की बोट फिरवायचे कशावरही,
लोखंडी कपाटावर, माझ्या पाठीच्या मणक्यांवर,
एकही डोकं वर आलेलं नाही ना.
ओझरवर कुणी सिनेमा काढल्याचं मी ऐकलं नाही.

आता दुसऱ्यांदा.
विमान गरगरतं, जांभळ्याकाळ्या आभाळातून
एक माणूस निखळतो.
ठिपका. संगीतही थांबतं.
मी पडद्याकडे बघत नाही, शेजारी बघते.
डेलबर्टची बोटं गुडघ्यावर चालू झालीत:
ताण, सपाट कर, दुमड, दाब,
दोऱ्या डावीकडून उजवीकडे.
नसलेल्या कापडावरची सुरकुतीसुद्धा
खपत नाही त्याला अजून.
आणि माझं बोट, कधीपासून कोण जाणे,
खुर्चीच्या हातावरच्या खिळ्यांवरून जातंय,
एकेक करत.

वर पांढरं उमलतं.
थिएटर श्वास सोडतं, दरवर्षीसारखा,
जणू यंदा उघडलं नसतं तर.

पार्किंगमध्ये वारा, वाळू, कुणाची तरी उडालेली टोपी.
"न उघडलेलं एखादं?" मी विचारते.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.
तो किल्ल्या शोधतो. बराच वेळ शोधतो.
"एक परत आलं होतं," म्हणतो, "तसंच. घडीही न मोडलेलं.
उघडायला त्याला वेळच मिळाला नाही.
मी रात्री बसून ते उलगडलं, पट्टी पट्टी तपासली.
घडी बरोबर होती."
मग दार ओढून घेत,
काचेआडून, मला ऐकू न येणाऱ्या आवाजात,
ओठ पुन्हा तेच म्हणाले.

त्याच्या गाडीचे लाल दिवे वळेपर्यंत मी उभी.
साडेदहाला फोन आला, पोचलो.
तेव्हा कुठे मी पानावर बसले.