लेबल शाबूत

लॉरेन विश्नेव्स्कीच्या टोमॅटोंवर
त्या उन्हाळ्यात सीडीच्या चकत्या लटकत होत्या,
टपालातून फुकट येणाऱ्या,
पाचशे तास मोफत म्हणणाऱ्या,
दोऱ्यात ओवलेल्या. वारा आला की
आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर
उजेडाची नाणी धावायची.
"पाखरं बिचकतात," ती कुंपणावरून म्हणाली,
"निदान एवढा तरी उपयोग."

टोलेडो, ओहायो. मी नवीन.
कागदावर माझ्या नावापुढे: अवलंबित.
दिवसभर टीव्हीवर
बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत,
प्रेक्षक उठून टाळ्या पिटत,
मध्येच गुडघेदुखीचं मलम,
मग बातम्यांत राष्ट्राध्यक्षांच्या भानगडीचे बारकावे,
इतके, की मी शब्दकोश मिटून ठेवला.
इंग्रजी मी अशी शिकले:
आधी शिव्या, मग शपथपत्र.

नवरा काचेच्या कारखान्यात
जुन्या प्रोग्रॅममधल्या वर्षाला
दोन आकडे जोडत होता.
एवढंच काम, रात्र रात्र.
त्याच कारखान्याच्या भट्टीवर
लॉरेनच्या वॉल्टरनं एकतीस वर्षं काढली,
मार्चमध्ये त्याच्या हाती एक चेक ठेवला
आणि दाराशी पोचवलं.
हे आम्ही दोन्ही घरं जाणून होतो
आणि हवामानाबद्दल बोलत होतो.

चेकचं काय झालं
ते तिनं मला एका दुपारी दाखवलं.
मागची लहान खोली. फळ्यांवर ओळीनं
दाणे भरलेले प्राणी, दोनशे बारा,
प्रत्येकाच्या कानात लेबल,
लेबलावर प्लास्टिकचं टोपण.
"हात लावू नकोस," ती हळूच म्हणाली,
देवघरात म्हणावं तसं.
"या एका हत्तीत म्हणे कॉलेजची फी निघेल."
कुणाच्या कॉलेजची, मी विचारलं नाही.
भिंतीच्या कागदावर बदकं होती,
पिवळी, उडालेल्या रंगाची.

रात्री अकराला तिचा मोडेम
आधी कण्हायचा, मग खाकरायचा,
मग शिट्टी घालून गप्प व्हायचा.
लिलावाची शेवटची तीस सेकंदं.
ओरेगनमधला कुणी, टेक्ससमधली कुणी,
आणि गाऊनमध्ये लॉरेन,
एका खेकड्यासाठी श्वास रोखून.
फोनची लाइन तेवढा वेळ अडकलेली,
नंतर तासन्‌तास अडकलेली.
बफेलोच्या बहिणीला वाटलं, रुसली.
तिनं फोन करणं सोडलं.

आणि माझी जुई. पावणेदोन वर्षांची.
मी कॉफी ढवळत होते तेवढ्यात
आत रांगत गेली, पेंग्विन ओढला
आणि लेबल तोंडात घातलं.
लॉरेनचा चेहरा
उकळी आलेल्या दुधावरची साय फाटावी तसा झाला.
मी पर्समधून वीस डॉलर काढले, मग अजून वीस.
तिनं घेतले नाहीत. पेंग्विन पुसला,
टोपण बसवलं, ओला कान
हेअर ड्रायरनं वाळवत बसली.
आम्ही मागच्या दारानं निघून आलो.

एकतीस डिसेंबरला दिवे गेले नाहीत.
वॉल्टरच्या तळघरात पाण्याचे चाळीस कॅन राहिले,
आणि राजम्याचे डबे,
ते त्यानं उन्हाळ्यापर्यंत खाल्ले, न कुरकुरता.
माझ्या नवऱ्याचं काम संपलं,
काही बिघडलं नाही म्हणून कुणाला कळलंच नाही
की काही केलं होतं.
आणि त्या वर्षात कधीतरी, नेमकं कधी
ते बातम्यांतही आलं नाही,
लोकांनी विकत घेणं थांबवलं.
हत्तीत आता एक पिझ्झा निघत नव्हता.

ऑक्टोबरात, टोमॅटोचे वेल काळे पडल्यावर,
लॉरेन दारात आली. हातात पेंग्विन.
लेबल नव्हतं. कानात प्लास्टिकचं
आखूड बोंड तेवढं राहिलेलं.
"कात्रीनं कापलं," ती म्हणाली,
"टोचेल तिला, ते तू काढ."
आणि चहालाही थांबली नाही.

जुई त्याला काखेत घेऊन झोपली.
कूस वळली की त्याच्या पोटात दाणे सरकायचे,
न भिजवलेल्या साबुदाण्यासारखे.
मी अंधारात ऐकत होते.
पलीकडच्या घरात फोन वाजला.
तिनं दुसऱ्या घंटीला उचलला.